‘तक्रार’ जहाजावरची नवी बाई

९ जानेवारी, मंगळवार

प्लास्टर पुरवणाऱ्या कंपनीने लॅबमध्ये सगळ्यांना डायऱ्या वाटल्या. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक हसरी दाढ छापलेली. आयुष्यात कधी डायरी लिहिली नाही. पण आज मनातलं कुणाला तरी सांगायला हवं, आणि ज्याला एरवी सांगते त्याच्याबद्दलच सांगायचंय. म्हणून ही दाढ.

नीट मांडते. मी कवळ्या बनवते. बावीस वर्षं झाली. आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळी सहा ते आठ आणि रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर उघडून, कानाला हेडफोन लावून जहाज चालवते. खेळातलं. जहाजाचं नाव ‘तक्रार’. ते नाव टिकटिकने ठेवलं, कारण सुरुवातीला आम्ही दुसरं काहीच करत नव्हतो.

आम्ही चौघं. मास्तर कप्तान. शाळेतून निवृत्त, भूगोल शिकवायचे, नकाशा त्यांच्याकडे. बेकरी तोफा सांभाळतो. खऱ्या आयुष्यात पाव भाजतो, घरी दोन लहान मुली, त्यामुळे मध्येच ‘थांबा, कुणीतरी पडलं’ म्हणून गायब होतो. मी सुकाणूवर. माझं नाव तिथे कवळी. आणि टिकटिक डोलकाठीच्या टोकावर, टेहळणीला. तो घड्याळं दुरुस्त करतो म्हणून टिकटिक. सुकाणूवरून पुढचं काही दिसत नाही, शीड आडवं येतं. वरचा माणूस सांगेल तसं वळवायचं. सहा वर्षं ‘डावीकडे घे बाई, अजून, अजून, बस्स’ हा आवाज माझ्या कानात आहे. आम्ही एकमेकांना प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही. फोटोही नाही. तशी गरज पडली नाही.

आज तो एका बाईला घेऊन आला. म्हणाला, “ही वर बसेल. मी खाली पाणी उपसायचा पंप मारतो. म्हातारा झालो आता, चढउतार जमत नाही.”

सगळे हसले. खेळातली शिडी, तिला कसली चढउतार?

मीही हसले. मग ती बाई म्हणाली, “नमस्कार मंडळी,” तर आवाज इतका बारीक की बेकरीने जागच्या जागी नाव ठेवलं, सुतळी. तिलाही आवडलं. माझं नाव पडायला तीन आठवडे लागले होते.

११ जानेवारी, गुरुवार

बोलते किती! समोर जे दिसेल ते सगळं बोलून दाखवते. “डावीकडे बेट, त्यावर तीन झाडं, त्याच्या मागे एक शीड, लाल. टिकटिक, तुमच्या उजव्या हाताला बादली आहे, दोन पावलांवर.” अहो बाई, त्याला दिसतंय की. जहाज त्याचं आहे, बादली त्याची आहे, तुम्ही परवा आलात.

तो मात्र “बरं, बरं” म्हणत ऐकतो. मी एकदा खडकाबद्दल दोनदा विचारलं तर म्हणाला होता, “कवळे, कान आहेत की प्लास्टर?” हिला एकदाही टोकत नाही.

आणि मान्य करते, टेहळणी तिला जमते. एकही खडक लागला नाही. ते आणखीच खुपलं.

१४ जानेवारी, रविवार

काल लॅबमध्ये गंमत झाली. एका आजोबांनी कवळी परत पाठवली. तक्रार काय, तर हिच्यात ते त्यांच्या मोठ्या भावासारखे दिसतात आणि भावाशी त्यांचं चाळीस वर्षं बोलणं नाही. लॅबवाल्या मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. भावाचे दात कसे होते ते विचारून त्याच्या उलटे बनवायला घेतले.

जेवणाच्या सुट्टीत हे सगळं टिकटिकला लिहून पाठवलं, चांगलं लांबलचक. पूर्वी दोन मिनिटांत उत्तर यायचं, माझ्यापेक्षा लांब. आज संध्याकाळी एवढासा बोललेला निरोप आला. “भारी! फोन कर ना, बोलूया.”

फोन कशाला करू? लॅबमध्ये दात घासायची चाकं फिरत असतात, घरी नवरा असतो. आणि लिहिलेल्याला लिहून उत्तर द्यायला काय हात मोडलेत?

१८ जानेवारी, गुरुवार

मी सहज म्हणून सुतळीला विचारलं, “तुम्ही काय करता?”

“मोठ्या माणसांना चालायला शिकवते,” ती म्हणाली.

बेकरी म्हणाला, “माझ्या सासऱ्यांना शिकवा, आमच्या घरातून त्यांच्या घरापर्यंत.” सगळे हसले. टिकटिक सगळ्यात जोरात. मास्तर तेवढे हसले नाहीत, नुसतंच “अच्छा” म्हणाले.

सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं नाही, हा एक प्रकार असतो बायकांचा. मोठ्या माणसांना चालायला!

२० जानेवारी, शनिवार

आज नवऱ्याने विचारलं, “काय म्हणतोय तुमचा टिकटिक?” तो लिफ्टा दुरुस्त करतो, दिवसभर लोकांच्या इमारतीत वरखाली. घरी आल्यावर टीव्हीपुढे. सहसा विचारत नाही.

“काय म्हणणार? त्याला नवीन माणसं मिळालीत.”

“मग तुला वेळ मिळेल,” तो म्हणाला.

“कशाला?”

“काही नाही. असंच.” आणि चॅनल बदललं.

यांच्याशी मन मोकळं करायला जावं तर हे असं.

२५ जानेवारी, गुरुवार

आज मी जे केलं ते चांगलं नाही केलं, पण केलं.

दुपारी टिकटिकला लिहिलं. ही बडबडी बाई कुठून उचलून आणलीस? हिच्या आवाजाने माझे दात दुखतात, आणि दात हा माझा धंदा आहे. सारखी तुझ्या मागेमागे असते, तुला बादली दाखवते, शिडी दाखवते, तू काय कुकुल्लं बाळ आहेस? आणि तुलाही तेच आवडतंय हे बघून लाज वाटते. शेवटी तिला एक शब्द वापरला तो इथे लिहीत नाही. ही डायरी उद्या कुणाच्या हाती लागली तर.

पाठवलं आणि फोन उलटा करून ठेवला. तासाभराने बोललेला निरोप आला. “वाचलं. म्हणजे, कळलं. फोन कर, खरंच. मला तुझ्याशी बोलायचंय.”

आवाज थोडा वेगळा होता. रागावला असेल. रागावू दे. समजूत काढायला फोन मीच करायचा का?

२७ जानेवारी, शनिवार

टिकटिकचा आणि माझा एक रिवाज आहे. खेळ सुरू झाला की मी टोपी काढून वाकते, तो टोपी काढून वाकतो, मग नांगर उचलायचा. सहा वर्षांत चुकलेलं नाही. ताप होता तेव्हाही नाही.

आज मी त्याच्या समोर उभी राहून टोपी काढली. तो तसाच. परत काढली. तिसऱ्यांदा काढली. तो माझ्या अंगावरून निघाला आणि थेट डोलकाठीवर आपटला.

“खांब कुणी हलवला रे?” तो म्हणाला. बेकरीला हसून हसून उचकी लागली.

मी हसले नाही. माणूस रागावतो, अबोला धरतो, सगळं समजू शकते. पण समोर उभ्या माणसाला बघायचंच नाही?

१ फेब्रुवारी, गुरुवार

बेकरीच्या सासऱ्यांचं जुनं घड्याळ बंद पडलं म्हणून त्याने टिकटिकच्या दुकानात फोन लावला. तर दुकान बंद. टिकटिक म्हणाला, “हो, ठेवलंय बंद. कंटाळा आला बारीक कामाचा. तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलो, आता पुरे.”

मला याचा पत्ता नाही! दुकानाच्या भिंतीला ओल आली तेव्हा पहिलं मला कळलं होतं. आता दुकान बंद करतो आणि मला हे बेकरीच्या सासऱ्यांच्या घड्याळामुळे कळतं.

पुढचं ऐका. सुतळी त्याच्याच गावात राहते. ते भेटतात. आठवड्यातून दोनदा! तिच्या तोंडून निसटलं. “काल आम्ही मोठ्या चौकापर्यंत गेलो. यांनी एकट्याने रस्ता ओलांडला, दोन्ही बाजूंनी गाड्या असताना!”

पंचावन्न वर्षांच्या माणसाने रस्ता ओलांडला तर टाळ्या वाजवायच्या? एवढं कौतुक मी माझ्या मुलीचं केलं नाही, आणि तिने परदेशात एकटीने घर घेतलं.

मी म्हणाले, “वा! पुढच्या आठवड्यात जिना का?”

मग टिकटिक म्हणाला, “जिना झाला मागच्या आठवड्यात.” आणि तो आणि सुतळी दोघं हसले. दोघंच.

३ फेब्रुवारी, शनिवार

तब्येत बरी नाही म्हणून कळवलं आणि खेळले नाही. ओट्यापाशी उभी राहून कपाट आवरलं, डबे पुसले. साडेसहाला वाटलं, आता विचारतील. सातला वाटलं, आता तरी. पावणेआठला मास्तरांचा फोन आला.

“तब्येत बरी नाही हे खोटं,” ते म्हणाले. वर्गात असे म्हणत असतील.

“हो.”

“त्याला जरा सांभाळून घे.”

“मी? मला कोण सांभाळून घेतंय मास्तर?”

“मला नक्की ठाऊक नाही, म्हणून बोलत नाही,” ते म्हणाले. “पण नकाशा बघायची सवय आहे मला. माणूस कुठल्या बाजूने वळायचं टाळतो ते कळतं.”

मास्तरांचं हे असं असतं. काही कळत नाही, पण बरं वाटतं. सुकाणूवर माझ्या जागी कोण बसलं ते विचारायचं राहिलं. तीच बसली असणार.

६ फेब्रुवारी, मंगळवार

रविवारी शर्यत आहे. वर्षातून एकदा बारा जहाजं एकाच पाण्यात उतरतात आणि खाडी ओलांडून सगळ्यांच्या आधी दीपस्तंभाला पोचायचं. गेल्या वर्षी आम्ही दुसरे. टिकटिक वर, मी खाली. आमचं बोलणं इतकं जुळलं होतं की दुसऱ्या जहाजावरच्या लोकांनी विचारलं, तुम्ही नवराबायको का? मी नाही म्हणाले. पण दोन दिवस लॅबमध्ये काम करता करता आठवून हसत होते.

तर आज मी सांगून टाकलं. शर्यतीत टेहळणीला टिकटिकच बसेल. आणि शर्यतीपुरतं फक्त कप्तान, सुकाणू आणि टेहळणी यांनीच बोलायचं. बाकीच्यांचे माइक बंद. आम्ही बोलतो ती खेळातली खोली मी उघडलेली आहे, कुणाचा माइक बंद ठेवायचा हे माझ्या हातात.

“ताई, सुतळी चांगली बघते की,” बेकरी म्हणाला.

“मग तिलाच सुकाणूही द्या. मी उतरते जहाजावरून.”

असं म्हणायचं नव्हतं. पण एकदा निघालं तोंडातून.

टिकटिकने पंप थांबवला. मग म्हणाला, “ठीक आहे बाई. तू म्हणतेस तसं.”

सुतळी म्हणाली, “नको. टिकटिक, सांगा ना.”

“काय सांगा?” मी विचारलं.

“काही नाही,” तो म्हणाला. “खाडी माझी पाठ आहे. बसेन मी.”

जिंकले. रात्रीच्या जेवणाला भाजी करपली, तरी नवऱ्यापुढे ताट आदळलं नाही, नीट ठेवलं.

११ फेब्रुवारी, रविवार

आज लिहवत नाही. आम्ही बुडालो. आणि मी त्याला जे म्हणाले ते म्हणाले.

१२ फेब्रुवारी, सोमवार

लिहायला हवं. नाहीतर दुसरं काही हातून होणार नाही. आज लॅबमध्ये एका बाईंच्या दातांचा रंग जुळवायचा होता. नमुन्याची पट्टी खिडकीपाशी धरून पंधरा मिनिटं उभी होते आणि सोळापैकी कुठला पांढरा कुठला हेच कळेना. मॅडम म्हणाल्या, घरी जा.

शर्यत दोनला सुरू झाली. पहिली दहा मिनिटं सगळं पूर्वीसारखं. “डावीकडे घे बाई. अजून. बस्स. आता सरळ, वीसपर्यंत मोज.” तोच आवाज. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. आम्ही तिसरे होतो, मग दुसरे. मास्तर म्हणाले, “शाब्बास.” मी मनात म्हटलं, बघ सुतळे, असं असतं.

आता कळतंय, तो आठवणीने सांगत होता. सहा वर्षांत पाठ झालेली खाडी, आणि वेळ मोजून अंदाज. पण खेळवाल्यांनी या वर्षी खाडीच्या तोंडाशी नवीन खडक टाकला होता, सगळ्यांना चकवायला. भला मोठा, घराएवढा. पुढचं जहाज त्याला वळसा घालून गेलं. मास्तरांनी नकाशातून मान वर काढली आणि म्हणाले, “टिकटिक, समोर काय आहे?”

“मोकळं आहे,” तो म्हणाला. “सरळ चल बाई.”

मी सरळ चालले. सुतळी बोलत असणार, ओरडत असणार. तिचा माइक मी बंद केला होता. पडद्यावर तिच्या नावापुढची खूण सारखी लुकलुकत होती, बोलायची परवानगी मागणारी. मी बघितली. मुद्दाम दिली नाही.

आपटलो. भगदाड पडलं, पाणी आलं, बेकरी खाली धावला, काही उपयोग नाही. ‘तक्रार’ दीड मिनिटात तळाला. मागून येणारी जहाजं आमच्या डोक्यावरून गेली, खेळात सगळे लिहितात त्या फळ्यावर हसणं सुरू झालं. आणि मी, महिनाभराचं सगळं साठलेलं, त्याच्यावर ओरडले.

“डोळे फुटलेत का तुझे?”

हेडफोनमध्ये बेकरीच्या मुलीचं कुठेतरी लांबून गाणं म्हणणं ऐकू येत होतं.

मग तो म्हणाला, “हो. जवळजवळ.”

मला वाटलं चेष्टा करतोय. मी म्हणाले, “चेष्टा करू नकोस.”

“नाही करत,” तो म्हणाला. “काचबिंदू आहे. दीड वर्ष झालं. आधी कडा गेल्या, आता मधलंही धुरकट आहे. खडक दिसला नाही बाई. माफ कर.”

त्याने माझी माफी मागितली! आणि गेला. नाव पुसट झालं यादीत. मागोमाग सुतळीचंही.

मास्तर म्हणाले, “मला संशय होता. बोलायला हवं होतं.” बेकरी रडत होता बहुतेक. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. नवरा दारात उभा होता. माझं ओरडणं ऐकून आला असणार. त्याने पाण्याचा ग्लास ठेवला आणि गेला.

१४ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस नंबर काढते आणि ठेवते. आज लॅबमधून लवकर निघून बसथांब्यावरच्या बाकावर बसून लावला.

“कवळे,” तो म्हणाला. मी काही बोलायच्या आतच.

“कसं ओळखलंस?”

“फोन नाव सांगतो आता. मोठ्याने. दुकानात असतो तर लाज वाटली असती, कवळी कवळी करून ओरडतो.”

मी रडायला लागले. तो थांबला. रडून झाल्यावर मी विचारलं, तेच, जे विचारायला नको होतं. “तिला सांगितलंस. मला का नाही?”

“तिला सांगितलं नाही. ती त्या संस्थेतून येते, काठी घेऊन चालायला शिकवते. तिला कागदावरच कळलं. मी खेळाचं बोललो तर म्हणाली, चला, मी सोबत बसते, सोडू नका.”

“आणि मला?”

“तुला सांगणार होतो. किती वेळा म्हटलं, फोन कर. लिहायला मला जमेना. आणि मी फोन करावा तर तू एकदा म्हणाली होतीस, घरी करत जाऊ नकोस, बरं दिसत नाही.”

म्हणाले होते. चार-पाच वर्षांपूर्वी. मी विसरले होते.

“मग माझे मेसेज?” मी विचारलं.

“फोन वाचतो, पण तू शब्द अर्धे तोडून लिहितेस, त्याला ते जमत नाही. कुणीतरी वाचून दाखवायचं.”

कोण, ते मी विचारलं नाही. बस आली, मी चढले नाही. तो म्हणाला, “मला थोडे दिवस दे. रागावलो नाहीये. पण जरा लागलंय.”

“किती दिवस?”

“ते नाही सांगता येत, बाई.”

१७ फेब्रुवारी, शनिवार

सुतळीचा फोन आला. तोच बारीक आवाज, पण खेळात वाटतो तसा नाही. दमलेल्या माणसाचा आवाज.

“तुम्हाला वाटत असेल मी रागावलेय,” ती म्हणाली.

“तुम्ही वाचून दाखवायचात का माझे मेसेज?”

“हो. चौकात चहाला बसायचो तेव्हा. तो आजोबांच्या भावाच्या दातांचा, तो मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा शेजारच्या टेबलासाठी.”

“सगळे वाचलेत?”

“सगळे.”

“पंचवीस तारखेचा?”

“तोही. पूर्ण वाचला. एक शब्द गाळला.”

मी डोळे मिटून घेतले. फोनवरसुद्धा तोंड लपवावंसं वाटतं हे आज कळलं. “कुठला?”

“तो तुम्हालाच ठाऊक,” ती म्हणाली, आणि चक्क हसली. “ताई, मला रोज कुणी ना कुणी शिव्या देतं. ज्यांचं दिसणं जातं त्यांना कुणावर तरी चिडायचं असतं, मी समोर असते. तुमच्या शिवीत निदान व्याकरण बरं होतं.”

माफी मागितली. तिने घेतली. एवढं सोपं असावं याचाही मला राग आला. खरं सांगते, या पानावर कुणी बघत नाही म्हणून, ती वाईट असती तर बरं झालं असतं. ती चांगली आहे, त्याला तिची गरज आहे, तिने त्याला रस्ता ओलांडायला शिकवलं आणि मी त्याला खडकावर नेलं. तरी आत्तासुद्धा वाटतं, चौकातल्या त्या टेबलाशी मी असायला हवी होते.

शेवटी ती म्हणाली, “येऊन जा ना एकदा. ते स्वतः म्हणणार नाहीत.”

१९ फेब्रुवारी, सोमवार

नवऱ्याला सांगितलं. सगळं नाही. एक मित्र आहे, डोळे गेलेत, भेटून यावं म्हणते. बसने तीन तास.

“टिकटिक,” तो म्हणाला.

“हो.”

“कधी?”

“रविवारी. एकटी गेले तरी चालेल.”

“मीही येतो,” तो म्हणाला. “रविवारी मला काय काम आहे?”

नको म्हणायचं होतं. म्हणाले नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

जाऊन आलो.

दुकानाच्या वरची एक खोली. जिना अरुंद, कठड्याला पिवळी चिकटपट्टी एकेक पायरी सोडून लावलेली. दार त्यानेच उघडलं. मी मनात एक उंच, सडपातळ माणूस धरला होता. हा ठेंगणा, गोल, डोक्यावर चार केस, शर्टाची बटणं एक घर चुकलेली. आणि आवाज तोच. आवाज त्या अंगातून येतोय यावर माझा विश्वास बसेना.

“ये बाई,” तो माझ्या थोडं उजवीकडे बघत म्हणाला. “आणि कुणीतरी आहे सोबत. पाय जड आहेत.”

“माझे मिस्टर,” मी म्हणाले.

“अरे वा! या या. तुमच्याबद्दल खूप ऐकलंय.”

हे खोटं होतं. मी त्याला नवऱ्याबद्दल कधी फार सांगितलं नाही. नवरा माझ्याकडे बघेल असं वाटलं, पण त्याने जिन्यातच काढलेले बूट भिंतीला नीट लावून ठेवले, कुणाच्या पायात येऊ नयेत म्हणून.

सुतळी नव्हती. मुद्दाम आली नसावी. टिकटिकने चहा स्वतः केला, कपात बोट घालून किती भरला ते बघत. मला उठून करावासा वाटला, हात आवरून बसले. भिंतीवर अकरा घड्याळं, सगळी चालू, सगळ्यांची वेळ एक. म्हणाला, किल्ली देता येते अजून, त्याला डोळे लागत नाहीत. दुकान भाच्याला देणार आहे. संस्थेत जाऊन हाताने करायचं काहीतरी शिकणार आहे, काय ते ठरलेलं नाही. खेळाचं मी विचारलं तर म्हणाला, “येईन. टेहळणीला नाही. पंपावर. आणि सुतळी बोलेल, चालेल ना?”

“चालेल,” मी म्हणाले. चालवून घेईन.

टिकटिकने कप खाली ठेवला आणि म्हणाला, “एक विचारू? राग नाही ना येणार? सहा वर्षांत तुझा फोटो मागितला नाही. म्हटलं, कधी ना कधी भेटू तेव्हा बघू. आता ते राहिलंच. कशी दिसतेस तू?”

अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, बरी दिसते, असं काहीतरी म्हणणार, तेवढ्यात नवरा बोलायला लागला.

“माझ्या खांद्याला लागते,” तो म्हणाला. लिफ्टमधल्या बिघाडाबद्दल सांगतो तसा, सावकाश. “केस दाट आहेत, मागे क्लिपमध्ये. क्लिप तुटलीय, दोन महिने झाले, तीच लावते. डाव्या भुवईत एक पांढरा केस येतो. उपटते, परत येतो. प्लास्टरने बोटं कोरडी पडतात, घरी आल्यावर तेल लावून हात असे उताणे धरून बसते, कुणी काही द्यायचं म्हटलं तर कोपराने घेते. विचार करत असली की खालचा ओठ आत. आज निळे कपडे आहेत, नवीन. दोनदा बदलले सकाळी.”

टिकटिक मान थोडी कलती करून ऐकत होता, टेहळणीवरून माझा आवाज ऐकायचा तेव्हा असाच बसत असेल. “आणि हसते कशी?” त्याने विचारलं.

“हसताना समोरून मी फार बघितलं नाही,” नवरा म्हणाला. “तुमच्याशी बोलताना हसते. तेव्हा माझ्याकडे पाठ असते.”

मी खिडकीबाहेर बघितलं. खाली सायकलच्या दुकानाचं शटर होतं. अकरा घड्याळं चालत होती.

टिकटिक म्हणाला, “साहेब, बिस्किटं कुठेतरी तुमच्या उजव्या हाताला आहेत.” नवऱ्याने डबा उघडून त्याच्यापुढे धरला, मग त्याचा हात धरून डब्यापर्यंत नेला. दोघंही बिस्कीट खात बसले. मग लिफ्टच्या दोरांविषयी बोलायला लागले, ते किती वर्षांनी बदलतात, आणि मी सोडून दोघांनाही त्यात फार रस होता.

परतीच्या बसमध्ये नवऱ्याने मला खिडकीची जागा दिली. भुवईतला तो केस मी सकाळी तो आंघोळीला गेल्यावर उपटते. त्याला ठाऊक नाही असंच धरून चालले होते.

शेवटी मी विचारलं, “मी खेळताना तू ऐकत असतोस?”

“ऐकत नसतो,” तो म्हणाला. “पण घर दोनच खोल्यांचं आहे.”